माहेरचा मिस्त्री

२८ एप्रिल, मंगळवार. अमरावती

बाळाची नाळ आज गळून पडली. जपून ठेवा म्हटलं त विहीणबाई हासल्या. आमच्यात नाही ठेवत म्हणे. नका ठेवू. पोरगी काय गोड हाय बाप्पा! झोपेत ओठ मुडपते, जसा काही तिले कोणाचा राग आला हाय अन् सांगावं का नाही याचा इचार चालू हाय. माधुरीच्या लग्नाले इतकी वर्सं झाली, दवाखाने झाले, माहे सोमवार झाले, तवा कुठं ही आली. मी आजी झाली. आजी झाली. दोनदा लिहिलं, पुन्हा लिहीन.

खरं त पहिलं बाळंतपण माहेरीच होते, पण डॉक्टरीणबाई इथच्या म्हणून इथंच झालं. सव्वा महिना झाला की दोघी मायलेकीले अकोल्याले नेतो म्हटलं. मधली खोली बाळंतिणीले चांगली, दाराची वर्दळ नाही, शेकशेगडी मी करीन. जवाईबुवा (पुढं ज.बु. लिहितो, बोटं दुखतात) शाळेत मास्तर, मऊ माणूस, आवाज चढवत नाही. ते म्हणे, "आई, त्या मधल्या खोलीत छताचा पोपडा पडला होता ना, पलंगावर? आधी छत नीट होऊ द्या. मग बाळ नेऊ."

बरोबर बोलले. पण विहीणबाई लगेच म्हणे, "नाहीच झालं तर राहील इथंच. इथं काय कमी आहे?"

गोडच बोलल्या. मले काहून लागलं काय माहीत. हातातला डिंकाचा लाडू तसाच राह्यला.

२ मे, शनिवार. अकोला

गाडीत बाजूच्या बाईले बाळाचं सारं सांगतलं. ती मूर्तिजापूरले उतरली तवा तिच्या डोळ्यात पाणी होतं. का ऊन लागलं असंन. बडनेऱ्यापासून बोलून राहिली होती मी.

घर उघडलं त भट्टी. कूलरच्या जाळीतली वूड सुकून खडखड. आधी पाणी टाकलं, मंग मधल्या खोलीत पलंगावर आडवी झाली अन् वरतं पाह्यलं. पोपडा निघाला तिथं आतलं लोखंड दिसते, तांबडं. मागच्या पावसाळ्यात तिथूनच थेंब पडे, मी खाली बादली ठेवत होती. एकटीच्या घरात बादली ठेवली काय अन् नाही काय. पण आता तिथं बाळ निजवाचं हाय. एवढीशी टाळू. श्वास घेते तवा हालते.

शेजारची पुष्पाबाई (पु.बाई) चहा घेऊन आली. फोटो दाखवले. एकेक फोटो चार-चार वेळा पाह्यला बिचारीनं. मंग छत पाह्यलं अन् तिचा चेहराच बदलला. तिच्या घरी मिस्त्रीनं काय केलं ते साऱ्या गल्लीले माहीत हाय, तरी तिनं पुन्हा सांगतलं. गच्चीवरचा कोबा आधी फोडून टाकला. मंग म्हणे आतून लयच खराब हाय, आता इतकं लागन अन् तितकं लागन. ती नाही म्हणे त गेला निघून. घर वरून उघडं अन् पावसाळा दारात.

"ऐक," पु.बाई म्हणे, "कोणी काही म्हणो, फोडू नको देऊ. एकदा फोडलं की तू त्याची."

४ मे, सोमवार

दोन मिस्त्री येऊन गेले. डोकं फिरलं.

पहिला वर गेला, पाय आपटला, म्हणे सारा कोबा काढा, नवीन टाका. दुसरा वर गेला, त्यानंही पाय आपटला, म्हणे फोडाल त स्लॅब हालंन, वरून केमिकल मारा, ब्रशनं, रंगासारखं. एक म्हणे फोड, एक म्हणे लीप. पाय त दोघांनी एकाच जागी आपटला!

म्या विचारलं, "बावा, आता पाऊस नाही, पाणी नाही, तुले कसं समजलं कुठून गळते?"

पहिला म्हणे अनुभव. दुसरा म्हणे अनुभव.

ज.बु.ले फोन केला. त्यांनी सावकाश सांगतलं, जसं वर्गात सांगत असंन. एकाच्या बोलण्यावर जाऊ नका. आधी केलेलं काम डोळ्यानं पाहा, त्या घरच्या लोकांशी बोला. काय करणार ते कागदावर घ्या. अन् घाई करणाऱ्याले दारातूनच नमस्कार. म्या हो हो म्हटलं. मंग बाळाले फोनजवळ आणा म्हटलं. तिनं शिंक देली. मले दिवसभर पुरली ते शिंक.

६ मे, बुधवार

आज काय झालं!

दारात भाजीवाल्याशी बोलून राहिली होती. फटफटीवर एक माणूस आला, थांबला, वर पाह्यलं अन् म्हणे, "आत्या, तुमच्या सज्ज्याले तडा गेला हो."

आत्या! या गल्लीत मले सारे काकू म्हणतात, नाहीत आजी. आत्या म्हणणारे माहेरचे. भाऊ गेला, त्याची पोरं सुरतेले गेली, तवापासून हा शब्द माह्या कानावर पडला नव्हता. म्या हातातली वांगी तशीच ठेवली.

"कोण रे तू? बार्शीटाकळीकडचा त नाही?"

"हो न, आत्या! तिकडचाच."

"वरच्या आळीतला का खालच्या?"

"खालच्या."

"मंग त्या आळीतल्या गुलाबभाऊचा कोण तू?"

"त्यायचाच."

"नातू?"

"नातू, आत्या."

"तरीच! नाक पाह्यताच म्हटलं!"

विलास नाव. मिस्त्रीचंच काम करते, छताचं. देवानंच धाडला म्हटलं. कणकेचे सरगुंडे केले, आंब्याचा रस काढला, जेवू घातला. माहेरचं कुत्रं दारात आलं त त्यालेही भाकर टाका लागते, हा त माणूस हाय. मंग वर गेला, हातोडीनं ठोकून पाह्यलं. म्हणे स्लॅब पोकळ बोलून राहिला. सारा कोबा काढा लागंन. म्या इसार विचारला त कानाले हात लावला. "आत्याले काय मागू? आधी फोडून त पाहू. फक्त धोंडा लागायच्या आत. धोंड्याच्या महिन्यात घराले छन्नी लावत नाही, तुमाले माहीतच हाय." पुढच्या शुक्रवारी माणसं घेऊन येतो म्हणे.

पैसे मागत नाही! ज.बु.नी सांगतलेल्यात हे बसतच नाही.

७ मे, गुरुवार

माधुरीचा फोन. सारं सांगतलं. ती आधी हासली, मंग म्हणे,

"आई, त्यानं स्वतःहून काय सांगतलं?"

"सारंच सांगतलं वं."

"नाही. गाव तू सांगतलं. गुलाबमामा तू सांगतला. नातू तू सांगतलं. त्यानं फक्त हो म्हटलं."

"खालच्या आळीतला त त्यानंच म्हटलं!"

"दोनच आळ्या देल्ल्या तूनं त्याले. एक त म्हणंनच."

मी म्हटलं, अन् नाक? ती म्हणे, नाक साऱ्यांलेच असते आई.

फोन ठेवला. पुन्हा आठवून पाह्यलं, तो आधी बोलला का मी. मीच. प्रत्येक वेळी मीच. पण मंग आत्या काहून म्हणंन कोणी? रस्त्यानं जाता जाता कोणी कोणाले आत्या म्हणते का?

कैऱ्या आणून ठेवल्या होत्या, त्या आज किसाच्या राहून गेल्या.

९ मे, शनिवार

गावाकडं वयनीले फोन लावला. भावाची बायको, आता एकटीच राहते तिकडं. ऐकू कमी येते. आधी बाळाचं सांगतलं, ते तिले बरोबर ऐकू आलं. लय खुश झाली. मंग विचारलं, गुलाबभाऊले विलास नावाचा नातू हाय का?

"असंन बा."

"असंन का हाय?"

"गुलाबले त पोरीच. पण थोरलीचा पोरगा इथंच होता लहानपणी. त्याचं नाव... व वरूनच होतं काहीतरी."

"विलास?"

"हो, विलासच असंन."

फोन ठेवला अन् कपाळावर हात मारला. पुन्हा मीच सांगतलं! जीभ हाय का हौद.

बरं, पोरीचा पोरगा असंन त गुलाबभाऊचं गाव त्याच्या आईचं माहेर झालं. मंग मी त्याची मावशी नाहीत आजी झाली. आत्या कशी? पण अजाण पोट्टं, चुकलं असंन. का नसंन. पु.बाईले विचारलं त ती म्हणे मले सोयरिक नको सांगू, छत सांग.

११ मे, सोमवार

विलास माप घ्यायले आला. आज परीक्षा घ्याची ठरली होती. पु.बाई गहू निवडाच्या निमित्तानं बाजूलेच बसली. मी जास्त बोलली त चिमटा काढीन म्हणे. अन् काढलाही.

"आमच्या घरासमोर काय होतं रे, विलास?"

"समोर... झाड होतं न मोठं."

म्या तोंड उघडलं. चिमटा. गप्प बसली. तोही गप्प. इतका वेळ मी जन्मात गप्प बसली नसंन.

"कायचं झाड?" पु.बाईनं विचारलं.

त्यानं डोकं खाजवलं. "मावशी, मी लहान होतो. बाबा शहरात घेऊन आले. पण आत्या, तुमच्या घरी म्हैस होती, ते पक्कं याद हाय."

माह्या डोळ्यात पाणीच आलं. म्हैस होती न! कपाळावर पांढरा ठिपका, मले पाहून ओरडे.

तो टेप घेऊन वर गेला तवा पु.बाई हळूच म्हणे, "म्हैस कोणाच्या घरी नव्हती वं, बाई?"

हे बी खरं.

मंग ज.बु.चं आठवलं. म्हटलं, विलास, तूनं केलेलं एखादं काम दाखव. मले वाटलं टाळंन. त्यानं झटक्यात सांगतलं, रेल्वे पटरीच्या पलीकडं, पिवळं घर, जा अन् पाहून या, माहं नाव सांगा. लबाड माणूस असं सांगंन का? चहा देताना म्या म्हटलं, चिंचेचं झाड होतं रे ते. पु.बाईनं सूप आपटलं.

१३ मे, बुधवार

ऑटोनं गेलो दोघी. पिवळं घर सापडलं. एक बाई, माह्याच वयाची, डोक्यावर पदर, हसतमुख. विलासनं धाडलं म्हटलं त म्हणे, "या न या! माहा भाचा हाय तो."

"सख्खा?"

"नाही वं, माहेरचा. तेल्हाऱ्याचा. आमच्याच गल्लीतला."

मी पु.बाईकडं पाह्यलं, तिनं माह्याकडं.

"तुमाले काय म्हणते तो? मावशी?"

"नाही, आत्या."

आता सांगा! एक गाव बापाचं अन् एक मायचं असतं त एक आत्या अन् एक मावशी झाली असती. दोन गावच्या दोन आत्या, म्हणजे बाप दोन गावचा. असं कुठं असते? तिचा चेहरा इतका फुलला होता भाच्याचं सांगताना, मले हे सांगवलंच नाही. तिनं मले पेढा देल्ला. मी तिले बाळाचा फोटो दाखवला.

गच्चीवर गेलो. बाप्पा, काम त सुरेख! पु.बाईनं बादलीभर पाणी ओतलं, ते सरळ पन्हाळीकडं पळालं, जसं त्याले घर माहीत हाय. मागच्या पावसाळ्यात थेंब नाही, ती बाई म्हणे. मंग खाली उतरता उतरता म्हणे, "फोडल्यावर खर्च बम वाढला पण. सांगतला त्याच्या कितीतरी वर. पण आता माहेरच्या पोराले काय म्हणाचं? म्या काही विचारलंच नाही."

ऑटोत पु.बाई म्हणे, "लबाड हाय, ठरलं."

म्या म्हटलं, "अन् छत?"

"ते पुढं टिकंन कायवरून?"

आता हे कसं ओळखाव? नातं खोटं असंन त काम बी खोटं असते का? काम खरं असंन त नातं थोडंतरी खरं होते का? मले चवथीपर्यंतच शिकवलं, त्यात हे नव्हतं.

१४ मे, गुरुवार

बाळाले आज फोनवर पाह्यलं. मुठीत स्वतःचा अंगठा धरून ठेवला होता, कोणी नेईन म्हणून. माधुरी (आता मा.) म्हणे तुह्यासारखी बोलंन ही, पाह्य. मी दिवसभर हासली. विहीणबाईनं मागून आवाज देल्ला, "छताचं काय झालं हो?" म्हटलं चालू हाय. चालू काही नाही.

ज.बु. म्हणे त्या विलासले नको म्हणा. पण बाकी मिस्त्री सारे धोंडा लागायच्या आधीची कामं धरून बसले. केमिकलवाला फोन उचलत नाही.

१५ मे, शुक्रवार

विलास आला. दोन माणसं, फोडाची मशीन, कोबा उचकटाची सब्बल, घमेली. म्या सकाळी अंघोळ करतानाच ठरवलं होतं. गच्चीच्या पायऱ्यांवर मधोमध बसली. पायरी अशी तापली होती की पातळ नेसलेलं होतं म्हणून बरं.

"आत्या, सरका जरासक."

"नाही सरकत. आधी सांग, तेल्हाऱ्याची आत्या तुही कोण?"

त्यानं सब्बल खाली ठेवली. "गेलत्या तिथं?"

"तूनंच धाडलं न."

हासला. मंग नाही हासला. "धंद्यात सारे काकू म्हणतात, मी आत्या म्हणतो. त्यात कोणाचं काय जाते?"

"माहं गेलं न. सरगुंडे गेले, रस गेला."

त्याची माणसं फसकन हासली.

"अन् गुलाबभाऊचं नाक?"

"नाक माह्या बापाचं हाय. तो परतवाड्याचा."

"म्हैस?"

"म्हैस अंदाजानं."

मले राग यायले पाहिजे होता. आला बी. पण जसा याव तसा नाही आला. आठ दिवस माह्या माहेरचं कोणीतरी अकोल्यात होतं, ते उठून गेलं, असं काहीतरी. लिहिता नाही येत.

म्या म्हटलं, "ऐक. माहेरचा नाही म्हणून सांगतो, माहेरच्याले सांगता नसतं आलं. सारा कोबा फोडाचा नाही. बाळाच्या खोलीवरचा तेवढाच तुकडा काढ. नीट कर. मंग चारी बाजूनं मातीची पाळ घालू, पाणी साचवू, अन् मी खाली पलंगावर निजून वरतं पाहीन. थेंब नाही पडला त मंग पुढचं. अन् काय करशीन, काय घेशीन, सारं आधी कागदावर." पाळ-पाण्याची युक्ती ज.बु.ची. पलंगावर निजाचं माहं.

"असं तुकड्यानं कोणी करते का? जोड राहते मधात. पावसात तिथूनच गळंन, मंग मलेच नाव ठेवाल."

हे बी खरंच वाटलं! मी पु.बाईकडं पाह्यलं. ती कंपाउंडच्या भिंतीवरून मान हालवून राहिली होती, नाही, नाही.

"इतका अविश्वास नसाव, आत्या."

"आत्या नको म्हणू मले."

"मंग काय म्हणू?"

काकू म्हण म्हणाव त ते जिभेवर येईना. तो उभाच राह्यला. शेवटी पाणी प्यायला, माणसांले मशीन खाली घ्यायले लावली. "पाहतो," म्हणे. गेला.

सब्बल अन् एक घमेलं इथंच राह्यलं.

१६ मे, शनिवार

दुपारपर्यंत आला नाही. पु.बाई म्हणे सुटली तू, आता त्याची सब्बल भंगारात दे. ज.बु. म्हणे सामान ठेवलं म्हणजे उद्या हक्कानं घुसंन, आई, दार लावून घ्या. मले वाटते, ज्याले येयाचं नाही तो आपली सब्बल काहून ठेवंन? अन् ज्याले फसवाचं हाय त्यानं एवढंसं काम ऐकून तोंड काहून पाडाव? का मोठं काम गेलं म्हणून पाडलं?

उद्या धोंडा लागते. पु.बाई म्हणे दुरुस्तीले काही होत नाही, ते नवीन घराले. समोरचे गुरुजी म्हणतात, कायलेच हात लावू नये. जवाईले धोंड्याचं जेवू घालाचं हाय, अनारशाले तांदूळ भिजू घातले. आता ते जेवण पोपड्याखाली घालू का काय.

ऊन उतरल्यावर गच्चीवर गेली. बाळाच्या खोलीवर, बरोबर तेवढ्याच जागेवर, विटेच्या तुकड्यानं चौकोन आखलेला हाय. कोपरे सरळ. कधी आखला? माप घेतलं त्या दिवशी का काल? काल त मी पायरीवरून हाललीच नव्हती. का हालली होती, पाणी आणायले? म्हणजे त्याच्या मनात आधीपासून तेवढंच होतं, का तिथून सुरू करून सारं फोडाचं होतं? चौकोनाच्या मधात उभी राहून पाह्यलं. त्याच्या खाली पलंग हाय.

केमिकलवाल्याचा फोन आला. सोमवारी येतो म्हणे. याले सोडलं होतं मनातून, आता हाही आला.

विलासले फोन लावू का? नंबर हाय. लावला अन् तो आत्या म्हणला त?

मा.चा फोन आला. बाळ कडेवर असंन, नाक वाजून राहिलं होतं तिचं. "आई, कपडे भरून ठेवू का? का नको? इकडं सासूबाईले काय सांगू ते सांग."

म्हटलं, भर.

मंग म्हटलं, थांब.

ती थांबली. शेवटी म्हटलं, अर्धे भर.